पुढचा आकडा की पायाशी बसलेला?

ठाण्यात नौपाड्यातल्या क्लासमध्ये नववी-दहावीच्या मुलांसाठी मी दोन सूत्रं शेजारी-शेजारी लिहिते: २एच₂ओ आणि एच₂ओ₂.

पहिल्यात पुढचा मोठा २, म्हणजे सहगुणक, रेणू मोजतो. पाण्याचे दोन रेणू. हायड्रोजनचे अणू ४, ऑक्सिजनचे २. पाणी पाणीच राहतं. दुसऱ्यात ऑक्सिजनला पादांक, म्हणजे पायाशी बसलेला छोटा आकडा, २ लागला आणि पदार्थच बदलला! हे हायड्रोजन पेरॉक्साइड, केसांचा रंग उडवणारं. म्हणूनच रासायनिक समीकरण संतुलित करताना, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करताना, सहगुणक बदला, पादांकाला हात लावू नका. माझ्या मते इथेच सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा.

पादांक फक्त लगेच डावीकडच्या अणूचा. कंसाबाहेर असेल तर आतल्या सगळ्यांचा: चुन्याच्या निवळीतल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये, सीए(ओएच)₂, ऑक्सिजन २, हायड्रोजनही २, कॅल्शियम मात्र एकच.