पिकअपमध्ये सबवूफर बसवायला गेलो आणि साडेसोळा हजारांना गंडलो

माझी बोलेरो पिकअप आहे, सिंगल केबिन. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि आळेफाटा, माळशेज करत रात्रीतून वाशी मार्केट गाठायचं, हा आपला धंदा. पहाटे तीनला डोळ्यांवर झापड येते तेव्हा गाण्यांशिवाय सोबत कुणाची? पण दारातल्या स्पीकरचा आवाज इंजिनच्या घरघरीत नुसता चिरचिरतो. म्हणून सबवूफर, म्हणजे खालचा दणदणीत सूर वाजवणारा मोठा स्पीकर, डोक्यात बसला. बायको म्हणाली होती, त्या पैशात मागचे दोन टायर टाका.

पुण्यात ॲक्सेसरीजच्या एका गल्लीत गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदार तोंडाचा गोड. "बसा दादा, चहा घ्या," म्हणत त्यानं फळीवरचा बारा इंची सबवूफर चालू केला. काउंटरची काच थरथरली, आणि मी तिथंच विकला गेलो. "हाच बसवतो. वर आवाज वाढवायला पाच हजार वॅटचा ॲम्प. फिटिंगसकट साडेसोळा. दोन तास लागतील, तोवर जेवून या."

मी जेवायला गेलो. जे काही झालं ते त्या दोन तासांत झालं.

परत आलो तर सीटच्या मागं कार्पेट लावलेला डबा ठोकून बसवलेला, सीटची पाठ काटकोनात उभी. "थोडं ॲडजस्ट करा दादा, बारा इंची म्हटल्यावर जागा खाणारच." आवाज दणदणीत वाटला. तीन हजार फोनवरून दिले, तेही दुकानाच्या नाही, तिथल्या पोराच्या नंबरवर. बाकी रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलावर टॅक्स लागेल, कशाला?" मलाही ते पटलं. तिथं हाव माझीच होती, दुसऱ्याला काय बोलणार.

आठ दिवसांत आवाजाचा दणका जाऊन पोकळ ढबढब उरली, रिकामा पिंप बडवल्यासारखी. पाठ तर रोजच धरायची. पण खरा प्रसंग माळशेजच्या घाटात आला. गाडी भरलेली, पाऊस, धुकं. अचानक जळक्या रबराचा वास, आणि डॅशबोर्डखालून धूर. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, दहा नंबरचा पाना होता म्हणून बॅटरीचं टर्मिनल काढता आलं. नाहीतर माल आणि गाडी दोन्ही घाटातच पेटले असते. हात कापत होते, खोटं कशाला सांगू.

गावात लग्नाकार्यात साउंड लावणारा एक पोरगा आहे. त्यानं सगळं खोललं. आधी बॅटरीकडून येणारी लाल वायर. अंगठ्याएवढी जाड, मला त्याचंच कौतुक होतं. त्यानं ब्लेडनं सोलली: वर जाड प्लास्टिक, आत तार करंगळीएवढीसुद्धा जाड नाही. तारेवर ब्लेड घासलं तर तांबडा रंग निघून खाली पांढरं. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा ती वीज कितीतरी कमी वाहते आणि लवकर तापते. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतलेली, पण भोकाला रबर नाही. पत्र्याच्या धारेवर घासून प्लास्टिक फाटलं आणि तार बॉडीला टेकून शॉर्ट झाली. बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच. मी म्हटलं, "अरे, ॲम्पवर आहे की फ्यूज." तो म्हणाला, "दादा, तो ॲम्पला वाचवतो. वायरला वाचवायचं तर फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत पाहिजे."

ॲम्पवरच्या त्या फ्यूजवरून मग त्यानं पाच हजार वॅटचा हिशोब काढून दाखवला. फ्यूज एकच, 25 अँपिअरचा. गाडी चालू असताना व्होल्टेज 14 धरा. 25 गुणिले 14, म्हणजे साडेतीनशे वॅट. त्याच्यापेक्षा जास्त वीज बराच वेळ ओढली तर फ्यूज जाणार. त्यातली बरीचशी उष्णतेत जाते, स्पीकरला जेमतेम दोनशे मिळणार. बाहेर छापलेला आकडा रंगाचा खर्च. बघायचा तो आरएमएसचा, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो त्या वॅटचा, आणि तोही फ्यूजशी ताडून. म्हणजे खरं उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं, 25 लिहिलेलं.

सबवूफर काढला तो हातात हलका लागला. मागचं मोठं मॅग्नेट म्हणून मी ज्याच्यावर भाळलो होतो ते रबरी टोपण. ते ओढून काढलं तर आत लहानशी चकती आणि तिच्यामागं पत्र्याची रिकामी वाटी. फळीवर वाजला तो हा नव्हताच. डबाही भुशाच्या बोर्डाचा, पावसाच्या ओलीनं कोपरे फुगलेले.

दुकानात परत गेलो. गोड माणूस आता ओळख दाखवेना. "आमचा माल कशावरून? बिल दाखवा." 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनीही आधी बिलच विचारलं. माझ्याकडे होता तो एका पोराच्या नावावर गेलेल्या तीन हजारांचा मेसेज. पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा कायद्यानं ग्राहक धरला जातो, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, हे सगळं नंतर कळलं. पण कागदच नाही तर दाखवणार काय?

आता सीटखाली आठ इंची चपटा सबवूफर आहे, ॲम्प त्यातच. एवढ्याशा बंद केबिनमध्ये खालचा सूर आपोआप उचलला जातो, बारा इंचीची गरजच नव्हती. या वेळी खोकं माझ्यासमोर फोडायला लावलं, सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतला, वायर आधी ब्लेडनं खरवडून बघितली. दुकानदार वैतागला. फिटिंग होईपर्यंत मी स्टूल टाकून गाडीपाशीच बसलो. भूक लागली तेव्हा वडापाव तिथंच मागवला.