मागच्या स्पीकरमधली वजाबाकी: सराउंड अल्बमच्या नावाखाली १,३०४ डॉलरला गंडवलं

आकडा आधीच सांगते, म्हणजे रक्कम किरकोळ असेल असं वाटून कोणी हे अर्धवट सोडायला नको. डिस्क राखून ठेवायला २०० डॉलर, उरलेले ९५०, पाठवणावळ ६४ आणि वाटेत काही तुटलं-फुटलं तर म्हणून विम्याचे ९०. एकूण १,३०४ डॉलर. त्या बदल्यात २४ डिस्क आल्या. त्यातली एक खरी. उरलेल्या २३ कोणीतरी घरी बसून कॉम्प्युटरवर राइट केलेल्या, आणि ज्यांवर 'सराउंड', म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरमधून वेगवेगळा येणारा आवाज, होता, तोही साध्या दोन चॅनलच्या स्टिरिओवरून पैदा केलेला.

ही हौस नसलेले लगेच विचारतात की स्ट्रीमिंगवर ॲटमॉस, म्हणजे सराउंडचा हल्लीचा प्रकार, मिळतं, मग जुन्या डिस्कच्या मागे कशाला लागायचं? मिळतं ना, २०२१ पासून तर भरपूर मिळतं. पण ती बहुतेक नव्याने केलेली मिक्स (कोणता आवाज कोणत्या स्पीकरमधून किती यावा याची मांडणी) आहेत, आणि स्ट्रीमिंगला येताना ती दाबून लहान केलेली असतात. सराउंड साठवू शकणाऱ्या डिस्कचे दोन प्रकार: एसएसीडी १९९९ मध्ये आली, डीव्हीडी-ऑडिओ २००० मध्ये. दोन्ही गटांच्या भांडणात गिऱ्हाईक गोंधळलं आणि काही वर्षांतच मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. त्या थोड्या काळात झालेली कितीतरी ५.१ मिक्स (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे सहा चॅनल) त्या डिस्कवरच अडकून राहिली. शिवाय मिक्स करणारा माणूस बदलला की तोच अल्बम वेगळा ऐकू येतो. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चं क्वाड, म्हणजे चार चॅनलचं, मिक्स सत्तरच्या दशकात ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सनी केलं, २००३ च्या एसएसीडीवरचं ५.१ मिक्स जेम्स गथ्री यांचं. दोन्ही ऐकलेल्या माणसाला ती एकच गोष्ट आहे असं सांगून बघा. म्हणून आम्ही ठरावीक सालाची, ठरावीक क्रमांकाची डिस्क शोधत बसतो, आणि हे मला फसवणाऱ्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं.

तो अडाणी भामटा नव्हता. कोणत्या डिस्कवर सेंटर चॅनल जवळजवळ रिकामा ठेवलाय, कोणत्या डीव्हीडी-ऑडिओच्या मेन्यूला टीव्ही लावावाच लागतो, हे तो न विचारता सांगत होता. १५ एसएसीडी आणि ९ डीव्हीडी-ऑडिओ, एका संग्राहकाने आवरायला काढलेला संच, असं त्याचं म्हणणं. कव्हरचे फोटो स्वच्छ होते. मी प्रत्येक कॅटलॉग क्रमांक आणि बारकोड पडताळला, सगळे जुळले. किंमतही फुकटात दिल्यासारखी नव्हती. फार स्वस्त असती तर मी त्याच क्षणी मागे फिरले असते. डिस्कमागे सुमारे ४८ डॉलर, म्हणजे जाणकाराने जाणकाराला द्यावी अशी रक्कम. हे सगळं तपासणाऱ्या बाईला हलगर्जी म्हणणाऱ्यांनी आधी एवढं तरी तपासून दाखवावं.

डिस्क खरोखर सहा चॅनलची आहे का, हे मी विचारलं होतं. त्याने व्हिडिओ पाठवला. आणि तो व्हिडिओ आठवला की अजून माझं डोकं तापतं.

व्हिडिओत प्लेअर चालू, डिस्क आत जाते, कॅमेरा रिसीव्हरकडे, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राकडे, वळतो. डिस्प्लेवर पुढचे, मधला, मागचे असे सगळे स्पीकर पेटलेले. आवाज खोलीभर. मी ते पेटलेले स्पीकर पाहिले आणि पैसे पाठवले. त्याच डिस्प्लेवर स्पीकरच्या चित्राशेजारी 'डॉल्बी सराउंड' ही अक्षरं होती. हे नाव २०१४ पासून रिसीव्हरमधल्या अपमिक्सरचं आहे, म्हणजे दोन चॅनलचा आवाज घेऊन तो सगळ्या स्पीकरवर पसरवणाऱ्या सोयीचं. खरी एसएसीडी एचडीएमआयवरून सहा चॅनलने येत असती तर तिथे 'डीएसडी' (एसएसीडीवर आवाज नोंदायची पद्धत) किंवा 'मल्टी चॅनल' दिसलं असतं. आणि त्याच्याच खाली, आत काय येतंय ते दाखवणाऱ्या जागेत, फक्त 'एल' आणि 'आर', म्हणजे डावा आणि उजवा, एवढेच पेटलेले होते. पुरावा त्याने स्वतःच्या हाताने मला पाठवला होता! पण कॅमेरा तिथे डोळा टिकण्याइतकासुद्धा थांबत नाही, अक्षरं निळी आणि बारीक, आणि पाहणाऱ्याची नजर जिथे उजेड आहे तिथेच जाते. हे त्याने ठरवून केलं होतं. असा व्हिडिओ तुम्हाला आला तर तो थांबवून, मोठा करून, इनपुट काय आहे तेवढंच वाचा. आउटपुटला किती स्पीकर पेटलेत याला काडीची किंमत नाही.

२०० डॉलर बाजाराच्या साइटवरून गेले. उरलेले थेट पाठवा, साइट कमिशन खाते, असं तो म्हणाला. इथे अनेकजण मान हलवतील. पण कमिशन वाचवायला बाहेर व्यवहार करणारे सरळ विक्रेतेही असतात आणि त्यांच्याकडून मी आधी घेतलेलं आहे. त्याने रक्कम पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या 'कुटुंब व मित्र' या, ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या, प्रकाराने मागितली. या प्रकाराने पाठवलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण मिळत नाही. अनोळखी विक्रेता हे शब्द उच्चारतो त्या क्षणी बोलणं बंद करा.

पार्सल आलं. सगळ्यात वर ठेवलेली डिस्क खरी होती, 'द डार्क साइड'ची गथ्रींचीच एसएसीडी. ती ढिगाने छापली गेली, त्यामुळे त्याला ती सोडायला जड गेलं नसणार. मी तीच आधी लावली. त्यातल्या 'टाइम' गाण्याचे घड्याळांचे गजर चारी बाजूंनी सुटले आणि मी आनंदाने त्याला लिहिलं, "माल व्यवस्थित मिळाला." हे वाक्य पुढे प्रत्येक कार्यालयात माझ्या तोंडावर फेकण्यात आलं.

दुसरी डिस्क लावली तर प्लेअर 'सीडी' दाखवू लागला. त्याला विचारलं. तो म्हणाला, सेटिंगमध्ये जाऊन एसएसीडीचा मल्टी चॅनल भाग निवडा. असं सेटिंग खरंच असतं. डीव्हीडी-ऑडिओचं विचारलं तर म्हणाला, ऑप्टिकल वायरने ते सहा चॅनल जातच नाहीत, एचडीएमआय किंवा सहा ॲनालॉग वायरी लावा. हेही खरं. डिस्क कॉम्प्युटरमध्ये टाकून बघते म्हटल्यावर म्हणाला, कॉम्प्युटरचा ड्राइव्ह एसएसीडी वाचत नाही. तेही शंभर टक्के खरं! प्रत्येक खऱ्या वाक्याने त्याने माझे दिवस खाल्ले. साइटची तक्रारीची मुदत ३० दिवसांची असते, आणि ती उलटल्यावर त्याने उत्तर देणंच बंद केलं.

शेवटी मी त्याचं न ऐकता डिस्क ड्राइव्हमध्ये घातल्या. 'एसएसीडी' म्हणून आलेल्या १४ साध्या सीडी-आर, म्हणजे घरी राइट करता येणाऱ्या सीडी, निघाल्या. डीव्हीडी-ऑडिओ म्हणून आलेल्या नऊंत ऑडिओचा फोल्डर रिकामा, नुसती डीव्हीडी-व्हिडिओ आणि तीवर ४४८ केबीपीएसचं डॉल्बी डिजिटल. सहा चॅनल सुटे करून एडिटरमध्ये मांडले. सेंटर म्हणजे डाव्या-उजव्याची बेरीज. सबवूफर म्हणजे तीच बेरीज, वरचे स्वर कापून. मागचे दोन्ही म्हणजे डाव्यातून उजवा वजा, थोडा उशिरा सोडलेला. मी स्वतः वजाबाकी केली, उशीर जुळवला, फेज उलटी करून (म्हणजे दोन्ही आवाज सारखे असतील तर एकमेकांना पुसून टाकतील असं) त्याच्या मागच्या चॅनलवर ठेवली, तर खाली नुसती बारीक खरखर उरली. स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे स्वर दाखवणारा आलेख, १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखा संपत होता, म्हणजे मूळ स्टिरिओसुद्धा कुठलीतरी हलकी एमपी३. ज्या गाण्यात मागून कोरस यायला हवा होता तिथे मागून गायिकेच्या आवाजाची नुसती घुमणारी सावली येत होती. वाद्यं आणि आवाज सुटे नोंदलेल्या मूळ मल्टिट्रॅक टेपवर महिनोन्‌महिने बसून कोणीतरी ते मिक्स केलं होतं हो! त्या कामावर हा माणूस थुंकला, आणि त्याचे माझ्याकडून पैसे घेतले.

एडिटर नसेल तर पुढचे तिन्ही स्पीकर बंद करा आणि फक्त मागचे ऐका. पाण्याखालून आल्यासारखा तोच अल्बम ऐकू आला तर संशय धरा. खऱ्या मिक्समध्ये मागे स्वतःचं काहीतरी वाजत असतं.

आता मदत करणाऱ्यांबद्दल. पोलिसांकडे गेले. "पार्सल आलं ना?" आलं. "डिस्क होत्या ना?" होत्या. "गाणी वाजतात ना?" वाजतात. "मग फसवणूक कसली, मॅडम?" मी सहा चॅनल समजावून सांगितले, वजाबाकीची फाइल ऐकवली. आवाज मागून येतो की पुढून, हे तक्रारीत कसं लिहायचं, असं मलाच विचारलं, आणि हा दिवाणी मामला आहे म्हणून कागद परत सरकवला. ऑनलाइन अर्जात विक्रेत्याचा पत्ता भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पार्सलवरचा पत्ता निघाला टपाल पुढे पाठवणाऱ्या एका सेवेचा. ती सेवा म्हणते, ग्राहकाची माहिती फक्त पोलिसांना देऊ. आणि पोलीस म्हणतात, आधी पत्ता आणा!

साइटने ९५० डॉलरवरून हात झटकले, कारण व्यवहार बाहेर झाला. त्यांच्याकडूनच गेलेल्या २०० बद्दल उत्तर आलं, मुदत संपली आहे आणि आपण माल मिळाल्याची पोच दिली आहे. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केला. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने तर कहर केला: डिस्क नकली असल्याचं मान्यताप्राप्त तज्ज्ञाचं लेटरहेडवरचं प्रमाणपत्र मागितलं. सराउंड मिक्स खरं की खोटं याचं प्रमाणपत्र देणारं कार्यालय मला कुणी दाखवावं. मी स्पेक्ट्रमची चित्रं, सहा चॅनलच्या फाइली, डिस्कच्या खालच्या बाजूचे फोटो पाठवले. उत्तर आलं की जोडलेल्या फाइली उघडता आल्या नाहीत, सबब प्रकरण बंद. ज्या कंपन्यांचे अल्बम चोरले गेले त्यांना लिहिलं. एकीकडून पत्र मिळाल्याचा यांत्रिक निरोप आला, बाकीच्यांकडून तेवढंही नाही. माल नकली हे सिद्ध करायचं ओझं माझ्यावर, आणि विकणाऱ्याला या सगळ्यांपैकी एकानेही साधा प्रश्न विचारलेला नाही.

कव्हरच्या फोटोवर विसंबू नका, कव्हर कोणीही छापतो. डिस्कच्या खालच्या बाजूचा, उजेडात तिरपा धरलेला फोटो मागा. मधल्या भोकाजवळच्या कड्यात कारखान्यात उमटवलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचता आला पाहिजे, आणि तो त्या आवृत्तीच्या नोंदीशी जुळला पाहिजे. माझ्या नऊ डीव्हीडींवर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि सालांच्या अल्बमवर, एकाच साच्याचे क्रमांक होते आणि खालची बाजू जांभळट होती. कारखान्यात साच्याने काढलेल्या डिस्कला तसा रंग नसतो. पार्सल आलं की पोच देण्याआधी सगळ्या डिस्क लावून बघा, फक्त वरची नाही. विक्रेता सेटिंग आणि वायरी शिकवू लागला तर शिकून घ्या, पण तक्रार त्याच दिवशी टाका.

तो अजून विकतोय. नाव नवं, फोटो तोच: शेल्फवर उभ्या डिस्क, डावीकडून तिसरीची कड उलटी. या वेळी मागतोय १,१८०. मी साइटला कळवलं, तर म्हणे या खात्याचा तुमच्या व्यवहाराशी संबंध आढळत नाही. पण पैसे पाठवणाऱ्या कंपनीने एक गोष्ट लेखी दिली आहे: त्याच विक्रेत्याविरुद्ध दुसरी तक्रार आली तर माझी फाइल पुन्हा उघडतील. तुमच्यापैकी कोणी त्याच्याकडून घेतलं असेल तर पोच दिलेली असो, मुदत गेलेली असो, तक्रार नोंदवा.