काउहावाचा हाताने घडवलेला पूक्को: वर्षभर वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, मी शिकार करत नाही. शिकार सोडा, चिकनवाला कोंबडी सोलत असला तरी मी मोबाइलमध्ये बघत उभा राहतो. तरीपण गेल्या वर्षी १६० युरो मोजून फिनलंडमधली शिकारीची सुरी, म्हणजे हा पूक्को, घेतली, आणि ज्याला दाखवतो तो पहिलं हेच विचारतो की एवढ्याशा चाकूला एवढे पैसे? म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

याच्या आधी एक चाकू होता. पुण्यात असताना ट्रेकसाठी ऑनलाइन मागवलेला, दीड वीत पातं, पाठीवर करवतीचे दाते, मुठीच्या टोकाला होकायंत्र, ते फिरवून काढलं की आत काड्या, मासे धरायचा गळ, सुईदोरा, म्हणजे सगळं होतं, कापायचं सोडून. राजमाचीला चुलीसाठी ढलप्या काढायला घेतला आणि तिसऱ्याच घावाला पातं मुठीतून बाहेर. बघतो तर आत पोकळ नळी आणि एक बारका स्क्रू. होकायंत्र अजून घरी आहे, ते उत्तर दाखवतं का हे विचारू नका.

मग नोकरीनिमित्त फिनलंडला आलो, हेलसिंकीजवळच्या एस्पोला. इथे साधारण ५५ लाख लोकसंख्येत तीनेक लाख लोकांकडे शिकारीचं कार्ड आहे, त्यामुळे ऑफिसात एक तरी शिकारी निघतोच. आमच्या टीममधला एक जण दर ऑक्टोबरला सुट्टी टाकून एल्कच्या शिकारीला जातो, भगवी टोपी, भगवं जाकीट घालून. एल्क म्हणजे हरीण म्हणायचं म्हणून, मोठा नर ४००-५०० किलोचा असतो, आपली म्हैस बरी. तर एवढं जनावर सोलायला, फाडायला त्याच्याकडे काय असेल म्हणून विचारलं, मला वाटलं परशुरामाचा परशूच काढणार, तर त्याने कमरेचा एक चाकू काढला, पातं माझ्या हाताच्या चार बोटांएवढं. बस. मी हसलो तर म्हणाला, लांब पातं घेऊन पोट उघडायला गेलास की टोक आत घुसून आतडं फुटतं आणि मांस नासतं, इथे पात्याच्या पाठीवरून बोट टोकापर्यंत पोचलं पाहिजे. हे ऐकलं आणि तो करवतीचे दातेवाला चाकू आठवून मलाच लाज वाटली.

या चाकूला इथे पूक्को म्हणतात. आणि पूक्को म्हटलं की काउहावा, जसं पैठणी म्हटलं की येवला. हेलसिंकीहून ट्रेनने तीन-साडेतीन तास, सेइनायोकीच्या पुढे. तिथे इसाक्की यार्वेनपॅ यांचा कारखाना १८७९ सालचा आहे, आणि त्याच भागात एकोणिसाव्या शतकात लग्नाबिग्नात पूक्को काढून मारामाऱ्या करणाऱ्या गुंडांनी नुसता उच्छाद मांडला होता, इतका की त्यांना नावच पूक्कोवरून पडलं. आता गाव एकदम शांत आहे, इतकं की स्टेशनवर उतरलेला मी एकटाच होतो.

कारखान्याचा न घेता सहकाऱ्याने सांगितलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. घरामागे छोटी शेड, भट्टी, ऐरण, भिंतीवर हातोडे. आमच्या गावी, देवरुखजवळ, लोहाराची अशीच शेड होती, फक्त तिथे भाता ओढायला आम्हा पोरांना बसवायचे आणि इथे इलेक्ट्रिक पंखा आहे. आजोबा ट्रकच्या पाट्याचा कोयता करून घ्यायचे आणि वर्षाचं भात घालायचे. इथे भात चालत नाही, कार्ड चालतं. म्हातारबाबांनी माझा हात हातात घेतला, उलटासुलटा केला, तळव्याची रुंदी अंगठ्याने मोजली आणि विचारलं काय कापणार. म्हटलं मासे, मशरूम, लाकूड. मान हलवली. एवढंच बोलणं, बाकी पाऊण तास आम्ही दोघं कॉफी पीत गप्प बसलो होतो. सहा आठवडे लागतील म्हणाले आणि सहाच आठवडे लागले, आपल्याकडच्या शिंप्यांनी नोंद घ्यावी.

आता वस्तूबद्दल. पातं साडेनऊ सेंटीमीटर, पाठ चार मिलिमीटर जाड, कार्बन स्टील, स्टेनलेस नाही. पाठीकडे हातोडीचे ठोके आणि भट्टीची काळी खपली तशीच ठेवलीय, चकाचक केलंय ते फक्त धारेकडचा पट्टा. मूठ बर्चच्या झाडाच्या सालीची, आणि ही मूठ खरी बघण्यासारखी. सालीचे चौकोनी तुकडे करून, प्रत्येकाला मधे भोक पाडून, पात्याच्या शेपटीत, म्हणजे मुठीत जाणाऱ्या निमुळत्या भागात, एकावर एक ओवायचे, थालीपिठांची चवड लावावी तसे, मग दाबून घट्ट करायचे आणि शेवटी शेपटीचं टोक पितळेच्या पत्र्यावर ठोकून रिव्हेट करायचं. म्हणजे पोलाद मुठीतून आरपार गेलंय, स्क्रू नाही, पोकळ नळी नाही. मग ती चवड तासून गोल करतात. हात लावला की चामड्यासारखी लागते, माशाच्या चिकट हातातही सटकत नाही, आणि उणे दहामध्ये हातमोजा काढून धरली तरी गार लागत नाही, हे महत्त्वाचं.

मुठीला परज नाही, म्हणजे बोट पुढे सरकू नये म्हणून आडवी पट्टी असते ती नाही. पहिल्याच दिवशी त्याचा प्रसाद मिळाला, अंगठ्याला दोन टाके, पण चूक माझी, भोसकल्यासारखा जोर लावून लाकडात खुपसायला गेलो. हा चाकू भोसकायचा नाहीच, ओढून कापायचा आहे.

धार. इथे मी थोडा वाहवत जाणार आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंना रुंद सपाट उतार आहेत आणि ते थेट धारेवरच मिळतात, मधे दुसरा बारीक कोन नाही. त्यामुळे पाजळायला अक्कल लागत नाही, उतार दगडावर सपाट टेकवायचा, हललं नाही पाहिजे, आणि घासायचं, कोन दगडच सांगतो. मी आयुष्यात कधी सुरी पाजळली नव्हती, बोहारणीसारखीच धारवाल्याची आरोळी ऐकून आई सुऱ्या घेऊन खाली धावायची, तेवढाच संबंध. आता रविवारी चहा ठेवून दहा मिनिटं बसतो आणि हातावरचे केस उडतात. बायको म्हणते डाव्या हातावर टक्कल पडलंय.

तोटे पण सांगतो. स्वयंपाकघरात हा चाकू निरुपयोगी आहे. पाठ जाड असल्याने गाजर चिरलं जात नाही, पाचरीसारखं फाटून अर्धं ओट्याखाली जातं. गंज हा दुसरा. लिंबू कापून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि पात्यावर निळेकाळे डाग. मला विशेष धक्का बसला नाही कारण आईची विळीपण कैरीच्या दिवसात अशीच काळी व्हायची, पुसून कोरडी करून तेलाचं बोट फिरवायचं, झालं. पण ज्यांना वस्तू विकत घेतल्यासारखीच राहायला हवी त्यांनी स्टेनलेस बघावं. तिसरं, चामड्याचं म्यान. आत लाकडी खोबण आहे, अर्धी मूठ आत जाते, बटण नाही पट्टा नाही, तरी उलटं धरून झटकलं तरी पडत नाही. पण कमरेला लोंबतं, गाडीत बसलं की मांडीखाली येतं, दर वेळी.

आणि हो, इथे २००३ च्या कायद्याने गावात, बसमध्ये असा चाकू कामाशिवाय बाळगता येत नाही, मासेमारीला किंवा जंगलात निघालात तर ठीक. मी बॅगेत तळाशी ठेवतो.

पैशाचं विचाराल तर प्रामाणिकपणे सांगतो, स्वीडनचा मोरा नावाचा चाकू वीस युरोच्या आत मिळतो, प्लास्टिकची मूठ, त्यालाही असाच उतार, आणि मासा दोन्हींनी सारखाच साफ होतो. नुसतं कापायचंच असेल तर तोच घ्या, मीही मित्रांना तोच सांगतो. मग मी १६० का दिले? कारण या चाकूत काढून टाकता येईल असं काहीच सापडत नाही. मी खरंच शोधलंय. मुठीचं पोट मधे जरा फुगीर आहे, नक्षी असेल वाटलं, तर ते तळव्याच्या खळग्यात बसतं. शेवटचं टोक खाली वळलंय, ते म्यानातून ओढताना करंगळीला पकड मिळावी म्हणून. पितळेचं कडं शोभेचं वाटलं, तर मुसळाच्या तोंडाला असतं तसंच ते, साल उकलू नये म्हणून.

दसऱ्याला लॅपटॉप, मिक्सर आणि हा, तिघांची पूजा केली. आपट्याची पानं कुठून आणणार, तर खालची बर्चची पानं तेव्हा पिवळीधमक झालेली असतात, तीच सोनं म्हणून वाटली, आणि चाकूची मूठ त्याच झाडाची हे बायकोनेच लक्षात आणून दिलं.

हीच बायको चाकू घेताना म्हणाली होती की एवढ्यात सबंध किचनच्या सुऱ्या आल्या असत्या. आता कुरिअरचे खोके फोडायला तीच घेते, टेपचा चिकटा पात्याला लावून ठेवते आणि वर म्हणते कसला मस्त कापतो रे. शेवटी मी दारामागच्या खुंटीला पाच युरोचा कटर आणून लटकवलाय. त्याला अजून कोणी हात लावलेला नाही.