टीडब्ल्यूआरपी रिव्ह्यू: फोन चालू होत नसताना स्टोरेजपर्यंत पोचायचं असेल तर

कस्टम रिकव्हरी म्हणजे फोनमधलं कंपनीचं दुरुस्तीचं छोटं सॉफ्टवेअर काढून त्याजागी टाकलेलं दुसरं. त्याबद्दल लिहिताना सगळे रॉम फ्लॅश करणं (अख्खं अँड्रॉइड बदलणं) आणि रूट करणं (फोनवर पूर्ण ताबा मिळवणं) यावरच बोलतात, मी इथे टीडब्ल्यूआरपीकडे फक्त स्टोरेजच्या बाजूने बघणार आहे. म्हणजे फोन लोगोवर अडकलाय, पुढे सरकतच नाहीये, अशा वेळी इंटर्नल मेमरीतले फोटो, एसडी कार्डावर ठेवलेली रॉमची झिप, ओटीजीला (फोनच्या यूएसबीत बाहेरचं काही जोडायची सोय) लावलेला पेनड्राइव्ह यातलं काय हाताला लागतं आणि काय नाही. रोज रोज रॉम कोण बदलतंय हो, रिकव्हरी चांगली की वाईट हे कळतं ते डेटा आत अडकल्यावरच.

टीडब्ल्यूआरपी म्हणजे टीम विन रिकव्हरी प्रोजेक्ट, २०११ पासून आहे, फुकट आणि ओपन सोर्स. त्या काळात क्लॉकवर्कमॉड ही रिकव्हरी चालायची, व्हॉल्यूमच्या बटणाने वर-खाली करायचं आणि पॉवर दाबून सिलेक्ट, त्यापुढे बोटाने चालणारी स्क्रीन म्हणजे चैनच होती. कंपनीच्या स्टॉक रिकव्हरीत तर फाइल बघायची सोयच नसते, अपडेट टाका, कॅश पुसा, फॅक्टरी रिसेट करा, संपलं. तुमचे फोटो आत आहेत की नाहीत हे सुद्धा तिथून कळत नाही.

इथे इन्स्टॉलमध्ये गेलात की सिलेक्ट स्टोरेज असं बटण असतं, त्यात इंटर्नल स्टोरेज, मायक्रो एसडी कार्ड आणि यूएसबी ओटीजी अशी नावं आणि प्रत्येकापुढे जागा किती ते लिहिलेलं. हा आकडा आधी बघायचा, सवयच लावून घ्या. इंटर्नलपुढे ० एमबी दिसलं तर समजायचं की डेटा पार्टिशन (मेमरीतला तुमच्या अॅप आणि फाइलचा कप्पा) उघडलेलंच नाहीये, आणि मग पुढे कितीही फोल्डर शोधलेत तरी तुमच्या फाइल सापडणार नाहीत.

नवीन माणसाचा गोंधळ होतो तो फोल्डरच्या नावांवरून. फाइल मॅनेजर उघडला की /एसडीकार्ड नावाचं फोल्डर दिसतं आणि माणूस म्हणतो चला कार्ड सापडलं, पण ते कार्ड नसतंच, ती तुमची इंटर्नल मेमरी असते, खरी जागा /डेटा/मीडिया/० आणि /एसडीकार्ड हा फक्त तिकडे जायचा शॉर्टकट. खरं कार्ड बहुतेक बिल्डमध्ये (त्या त्या फोनसाठी बनवलेली टीडब्ल्यूआरपीची आवृत्ती) /एक्सटर्नल_एसडी नावाने असतं आणि पेनड्राइव्ह यूएसबी ओटीजीच्या नावाने. हे ० काय आहे तर पहिला युजर. अँड्रॉइड ४.२ ला मल्टी युजर आलं तेव्हा प्रत्येक युजरला नंबराचं फोल्डर मिळालं, त्या वेळी जुनी रिकव्हरी वापरून रॉम बदलला की ० च्या आत ०, त्याच्या आत परत ० अशी फोल्डरं व्हायची आणि लोक फोटो गेले म्हणून डोकं धरून बसायचे, फोटो असायचे तिथेच, फक्त दोन मजले खाली. आता हा प्रकार जवळपास संपलाय पण एक लक्षात ठेवा, फाइल ० च्या आत न टाकता नुसत्या /डेटा/मीडिया मध्ये टाकलीत तर फोन चालू झाल्यावर गॅलरीत किंवा फाइल अॅपमध्ये ती दिसणार नाही.

इंटर्नल स्टोरेज हे वेगळं पार्टिशन नसून डेटाच्याच पोटात बसलेलं आहे, यावरूनच वाइप मेन्यूचं सगळं समजतं. वाइपमध्ये जाऊन साधं स्वाइप केलं तर अॅप, सेटिंग, कॅश जातं पण मीडिया फोल्डर मुद्दाम सोडलं जातं, म्हणजे फोटो राहतात. फॉरमॅट डेटा हे बटण मात्र वेगळं, तिथे यस असं टाइप करायला लावतात आणि मग अख्खं पार्टिशन नव्याने बनतं, एन्क्रिप्शन (डेटाला लावलेलं कुलूप) जातं आणि त्यासोबत फोटो, डाउनलोड, आतच ठेवलेली रॉमची झिप, सगळं जातं. टाइप करायला लावायची आयडिया मला फार आवडते, स्वाइप तर चुकून पण होतं. पण स्क्रीनवरचा इशारा अजून ठसठशीत हवा होता असं वाटतं, कारण नवखा माणूस यूट्यूबवर बघून यस टाकून मोकळा होतो. रॉम बदलताना फॉरमॅट करायचंच असेल तर झिप कार्डावर नाहीतर पेनड्राइव्हवर ठेवा, ते पण नसेल तर एडीबी (कॉम्प्युटरवरून केबलने फोनला कमांड द्यायचं साधन) साइडलोड आहे, त्यात फाइल कॉम्प्युटरवरून थेट येते, फोनमध्ये आधी कॉपी करून ठेवावी लागत नाही.

बॅकअपचं पण तेच. डेटाला टिक करून बॅकअप घेतला की लोक निर्धास्त, पण त्यात मीडिया फोल्डर नसतं, म्हणजे अॅपचा डेटा येतो आणि फोटो येत नाहीत. त्यात बॅकअप बाय डिफॉल्ट जातो कुठे, तर त्याच इंटर्नल मेमरीतल्या टीडब्ल्यूआरपी फोल्डरात. आता पुढच्याच पायरीला फॉरमॅट डेटा केलं की बॅकअप पण गेला! म्हणून बॅकअपच्या स्क्रीनवर आधी सिलेक्ट स्टोरेज करून कार्ड नाहीतर ओटीजी निवडायचं. कार्ड एफएटी३२ (फॉरमॅट करायचा एक जुना प्रकार) असेल तरी चालतं, तिथे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते पण टीडब्ल्यूआरपी मोठा बॅकअप साधारण दीड दीड जीबीचे तुकडे करून लिहितं, त्यामुळे अडत नाही. हे कोणी विचारपूर्वक केलंय हे जाणवतं.

बाहेरच्या स्टोरेजला माझ्याकडून पैकीच्या पैकी. कार्ड घाला, माउंटमध्ये (स्टोरेज जोडायचा मेन्यू) टिक करा, दिसतं. पेनड्राइव्ह आधी लावून मग रिकव्हरीत गेलात तर जास्त बरं, मध्येच लावला तर कधी माउंटमध्ये जाऊन परत टिक करायला लागतं. एफएटी३२ सगळीकडे चालतं, एक्सएफएटी बहुतेक ठिकाणी, एनटीएफएस चालेल का ते त्या बिल्डवर, त्यामुळे पेनड्राइव्ह एफएटी३२ करून ठेवा आणि विसरा. अडॉप्टेबल स्टोरेजवाल्यांनी मात्र जपून, अँड्रॉइड ६ पासून कार्डाला इंटर्नलचा भाग बनवता येतं, पण तसं केलं की कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि त्याची चावी फोनच्या डेटा पार्टिशनमध्ये राहते, म्हणजे डेटा उडवला की कार्ड हातात असून पण वाचता येत नाही. कार्ड बाहेर काढून कॉम्प्युटरला लावलं तरी नाही.

कॉम्प्युटरला जोडायचं म्हटलं तर २०१४ पासून यात एमटीपी (केबलने फाइल देण्या-घेण्याची पद्धत) आहे, केबल लावली की इंटर्नल आणि कार्ड दोन्ही ड्राइव्हसारखे दिसतात, डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचं फोल्डर) उचलायचं आणि डेस्कटॉपवर टाकायचं, एवढं सोपं. पण खूप फाइल असल्या की एमटीपी रडतं, मध्येच लटकतं, कधी कॉम्प्युटरला काही दिसतच नाही, मग माउंटमध्ये जाऊन डिसेबल एमटीपी आणि परत इनेबल. मोठा डेटा काढायचा असेल तर सरळ एडीबी पुल वापरा, कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तरी एकच ओळ आहे हो, शिवाय कुठली फाइल अडली ते नावासकट सांगतं. आणखी एक मजा, नवीन अँड्रॉइडमध्ये अँड्रॉइड/डेटा हे फोल्डर साध्या फाइल मॅनेजरला उघडू देत नाहीत, इथे रिकव्हरी रूट म्हणूनच चालत असल्याने ते पण सरळ उघडतं. मात्र त्याच कारणाने, रिकव्हरीतून आत टाकलेल्या फाइलची मालकी आणि सिक्युरिटी लेबल कधी कधी चुकीचं बसतं आणि फोन चालू झाल्यावर अॅपला ती फाइल वाचता येत नाही. बाहेर काढायला हे उत्तम, आत टाकताना जरा बघून.

आता खरी रड. एन्क्रिप्शन. आधी अख्ख्या डिस्कचं एन्क्रिप्शन असायचं, अँड्रॉइड ७ पासून फाइलवार एन्क्रिप्शन आलं आणि अँड्रॉइड १० सोबत येणाऱ्या नव्या फोनना ते सक्तीचं झालं. त्यामुळे रिकव्हरी सुरू होताना पिन, पासवर्ड नाहीतर पॅटर्न विचारते, बरोबर दिला आणि बिल्ड चांगली असली तर सगळं उघडतं. बिल्ड कच्ची असली तर पिन बरोबर असून पण फेल म्हणते, किंवा विचारतच नाही, आणि फाइल मॅनेजरमध्ये गेलात तर फोल्डरांची नावं म्हणजे नुसतं अक्षरांचं कडबोळं. घाबरून ती फोल्डरं डिलीट करू नका, तेच तुमचे फोटो आहेत, फक्त कुलूपबंद. त्यांना कॉपी करून पण उपयोग नाही, चावी फोनच्या हार्डवेअरशी बांधलेली असते. तेव्हा बिल्ड बदलून बघा, त्याच फोनची दुसरी, रॉमच्या अँड्रॉइड व्हर्जनला जुळणारी. अँड्रॉइड ११ साठी बनवलेल्या रिकव्हरीला १३ चं कुलूप उघडेलच असं नाही. फोन चांगला चालत असताना हे करत असाल तर स्क्रीन लॉक काढून मग रिकव्हरीत जा, बऱ्याच फोनवर तेवढ्याने काम होतं.

म्हणून टीडब्ल्यूआरपीला एकच रेटिंग देणं मला पटत नाही, कारण तुम्ही वापरता ते टीडब्ल्यूआरपी नसून तुमच्या फोनसाठी कोणीतरी मोकळ्या वेळेत बनवलेली त्याची बिल्ड असते. मेंटेनर (ती बिल्ड सांभाळणारा) जागरूक असला तर इंटर्नलला पण ५ पैकी ४ देईन, नसला तर १ आणि तो पण फाइल मॅनेजर दिसायला छान आहे म्हणून. डाउनलोड करायच्या आधी तुमच्या मॉडेलचा चेंजलॉग (बदलांची यादी) बघा, डिक्रिप्शन (ते कुलूप उघडणं) चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चालत नाही असंच धरा. सिस्टिम पार्टिशनमध्ये जाऊन काही बदलायची हौस असेल तर अँड्रॉइड १० नंतरच्या सुपर पार्टिशनवाल्या (सिस्टिम वगैरे कप्पे एकाच मोठ्या पार्टिशनमध्ये असलेल्या) फोनवर ते विसरा, तिथे सिस्टिम फक्त वाचायला मिळते.

आणि फोन बंद पडल्यावर हे शोधायला आला असाल तर वाईट बातमी आहे. बूटलोडर (फोन सुरू होताना आधी चालणारं आणि पुढचं सगळं चालू करणारं सॉफ्टवेअर) लॉक असेल तर टीडब्ल्यूआरपी टाकता येत नाही आणि अनलॉक करताना डेटा आपोआप पुसला जातो, म्हणजे ज्या फोटोंसाठी धडपड तेच जाणार. चिडू नका, चोराच्या हातात फोन गेला तर हीच गोष्ट तुम्हाला वाचवते. बूटलोडर आधीच अनलॉक असेल तर कॉम्प्युटरवरून फास्टबूट बूट या कमांडने टीडब्ल्यूआरपीची इमेज तात्पुरती चालवता येते का बघा, बऱ्याच फोनवर चालते, काही न बदलता नुसत्या फाइल काढून घेता येतात.

ऑरेंजफॉक्स ही दुसरी रिकव्हरी टीडब्ल्यूआरपीवरूनच बनलीय, फाइल मॅनेजर जास्त सुटसुटीत आणि काही मॉडेलला तिची बिल्ड जास्त ताजी असते, तिथे मी तीच घेतो. लिनिएज या कस्टम रॉमची रिकव्हरी साइडलोडसाठी भरवशाची पण आतल्या फाइल काढायला फाइल मॅनेजर नाही, त्यामुळे स्टोरेजसाठी ती या यादीतच बसत नाही.