रिसर्च४लाइफ की खुली भांडारे?

विकास-संशोधन करणाऱ्या छोट्या संस्थेपुढे हा पेच हमखास येतो: रिसर्च४लाइफचं (कमी उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांना प्रकाशकांची नियतकालिकं फुकट किंवा स्वस्तात वाचू देणारी योजना) सदस्यत्व घ्यावं, की खुल्या भांडारांवरच (कुणालाही मोफत वाचता येणारे ऑनलाइन संग्रह) भागवावं?

खर्चाचं म्हणाल तर खुली भांडारं सगळ्यांनाच मोफत. रिसर्च४लाइफमध्ये देशांचे दोन गट आहेत. 'अ' गटाला फुकट, 'ब' गटाला थोडी वार्षिक फी. नोंदणी संस्थेची होते, एकट्यादुकट्याची नाही.

साहित्यात मात्र रिसर्च४लाइफ सरस. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'हिनारी' या आरोग्यविषयक उपक्रमापासून हे सुरू झालं, २००३ मध्ये शेतीसाठी 'अगोरा' आलं. महागडी नियतकालिकं इथे पूर्ण वाचता येतात. खुल्या भांडारांत अहवाल आणि कार्यपत्रिका (नियतकालिकात छापण्याआधीचे संशोधन-मसुदे) भरपूर, पण एकाच लेखाच्या तीन आवृत्त्या सापडल्या की अंतिम कोणती हे शोधत बसायचं. (दुपार त्यातच जाते.)

खरा मुद्दा भरवशाचा. रिसर्च४लाइफ प्रकाशकांच्या मर्जीवर चालतं. २०११ च्या सुरुवातीला काही प्रकाशकांनी बांगलादेशातली हिनारीची सोय काढून घेतली होती. ओरड झाल्यावर ती परत मिळाली. देशाचं उत्पन्न वाढलं तरी पात्रता जाऊ शकते. उलट जागतिक बँकेने २०१२ मध्ये स्वतःचे अहवाल खुल्या परवान्याखाली आणले. ते उतरवून घ्या, वाटा, भाषांतर करा. श्रेय दिलं की झालं.

वैद्यक किंवा शेतीतलं ताजं संशोधन हवं आणि देश पात्र असेल तर रिसर्च४लाइफ घ्या. धोरणविषयक काम, प्रशिक्षण-साहित्य किंवा एकट्याने चालवलेला अभ्यास असेल तर खुली भांडारं पुरतात.