साडेपाच तास मागं चालणारं घड्याळ: उपग्रहावरून येणाऱ्या आयपीटीव्हीचे आठ महिने

कंपनीचा माणूस बॉक्स लावून, फोटो काढून गेला आणि अर्ध्या तासात पहिला फोन आला. "दादा, टीव्ही झकास दिसायलाय, पण ह्याच्यात तीनच वाजलेत की." सकाळचे साडेआठ वाजले होते.

मी केबलवाला. इंटरनेटच्याच वायरीतून घरोघरी टीव्ही देणारी ही आयपीटीव्ही सेवा जूनमध्ये घेतली, आता फेब्रुवारी संपत आलाय. दिवाळीत लिहायला बसलो होतो, पण तेव्हा लिहिलं असतं तर निम्म्या शिव्या निघाल्या असत्या आणि त्यातल्या काही परत घ्याव्या लागल्या असत्या. म्हणून थांबलो.

औशात आमचं केबल वडिलांपासूनचं. गच्चीवर वेगवेगळ्या उपग्रहांकडं तोंड केलेल्या सात डिश, खाली कंट्रोल रूममध्ये प्रत्येक पे चॅनलचा वेगळा रिसीव्हर, उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस उभा राहत नसे. पुढं इंटरनेटसाठी फायबर टाकलं आणि घरात दोन वायरी झाल्या. ग्राहक म्हणायला लागले, एकाच वायरीत टीव्ही देता येत नाही का? म्हणून ही योजना घेतली. सगळे चॅनल कंपनी आपल्या केंद्रात गोळा करते, बारीक करते, कुलूप लावते आणि सी बँडवरून, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यावरून, एकाच उपग्रहावर चढवते. आपण एक बारा फुटी डिश लावायची, रिसीव्हरमधून निघालेलं सगळं आयपी म्हणून, म्हणजे इंटरनेटसारख्या डेटाच्या रूपात, स्विचमध्ये (डेटा ज्याला त्याला वाटणारा डबा) घालायचं, तिथून ओएलटी, म्हणजे फायबरच्या वायरींत सिग्नल सोडणारं यंत्र, तिथून घरोघरी. ज्या लातूर जिल्ह्यात २०१६ साली पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, तिथं चॅनल आभाळातून येणं काही नवल नाही.

"मग इंटरनेटवरूनच का नाही घेत?" असं विचारणाऱ्यांसाठी माझा हिशोब. तीनशे साधे चॅनल प्रत्येकी दोन एमबीपीएसनं धरा, चाळीस एचडी सहानं. झाले ८४० एमबीपीएस, आणि तेही चोवीस तास, कुणी बघो न बघो. एवढी लाइन माझ्या गावापर्यंत वेगळी भाड्यानं घेतली तर महिन्याची कमाई तिथंच संपते. उपग्रहाला औसा काय आणि अंधेरी काय, अंतर तेच. आणि माझ्या नेटवर्कवर मल्टिकास्ट असल्यामुळं एका पोर्टावरच्या चौसष्ट घरांनी एकच मालिका लावली तरी प्रवाह एकदाच जातो. एवढ्यासाठी मी पैसे मोजले आणि त्याबद्दल आजही तक्रार नाही.

तक्रार घड्याळाची.

बॉक्सवर, गाइडमध्ये, सगळीकडं वेळ साडेपाच तास मागं. रात्री आठची मालिका गाइडमध्ये दुपारी अडीचला. गंमत म्हणजे रिमाइंडर लावला तर तो बरोबर आठलाच वाजतो, आकडा तेवढा चुकीचा. मी पहिल्याच दिवशी तक्रार नोंदवली. उत्तर आलं, "प्रसारणावर परिणाम नाही, प्राधान्य कमी." मी रोज फोन करायचो. मग बॉक्समध्ये हात घालून बघितलं तेव्हा कारण कळलं. हा बॉक्स स्वतःचं घड्याळ ठेवत नाही, प्रवाहातून येणारी वेळ दाखवतो. डिजिटल प्रसारणात दोन वेगळे तक्ते असतात: एकात जागतिक वेळ, म्हणजे ग्रिनिचची, आणि दुसऱ्यात स्थानिक फरक किती, म्हणजे आपल्यासाठी साडेपाच तास. कंपनीनं चॅनल नव्यानं बांधताना पहिला तक्ता ठेवला आणि दुसरा गाळला. एवढंच. एक ओळ. तिच्यासाठी सात महिने.

तुम्ही म्हणाल, घड्याळच तर आहे, घरात दुसरं नाही का? आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना हे सांगून बघा. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय आणि गोळ्या टीव्हीवरची वेळ बघून घ्यायची त्यांची जुनी सवय. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून पाढा पाठ करून घेतला: "बॉक्समध्ये अडीच, म्हणजे किती?" "आठ, गुरुजी." "मग पैसे पण साडेपाच तासांचे कमी घे की." त्यानंतर ते मनगटी घड्याळ उशाशी ठेवून टीव्ही बघायला लागले. हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

पावसाळा उत्तम गेला, हे कबूल करायला हवं. समोरच्या इमारतीवरच्या छोट्या डिश जोराचा पाऊस आला की अर्धा तास आंधळ्या होतात, कारण त्यांच्या केयू बँडच्या आखूड लहरींना पावसाचे थेंब खातात. सी बँडची लहर लांब, तिला फारसा फरक पडत नाही. चार महिन्यांत पावसामुळं एकदाही बंद पडलं नाही. नवरात्रात मात्र सलग काही दिवस दुपारी बाराच्या सुमारास दहा-बारा मिनिटं पडदा काळा. त्यात कंपनीचा दोष नाही. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो आणि डिशला सूर्याचा गोंगाटच ऐकू येतो. वर्षातून दोनदा होतं, आता मार्चमध्ये परत होईल. ग्राहकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन आरतीच्या वेळी फोन घेत बसावं लागतं.

मग आला ऑक्टोबर आणि परतीच्या पावसातली वीज. कंट्रोल रूममधला स्विच जळाला. कंपनीच्या यादीतला नवा स्विच मला महाग वाटला. लातूरला एकाकडं जुना मिळाला, पाव किमतीत. लावला, सगळं चालू. मी स्वतःवर खूश.

दोन दिवसांनी चित्र गोठायला लागलं. सगळ्यांचं नाही. रात्री मालिकांच्या वेळी एकही तक्रार नसे, सकाळी आणि दुपारी फोनवर फोन. चॅनल बदलून परत आलं की चालू. कंपनीचा इंजिनिअर फोनवरून सांगायचा, "सर, आपका डिश हिल गया होगा." मी गच्चीवर चढायचो, बोल्ट आवळायचो. मग "एलएनबी में पानी गया होगा." एलएनबी म्हणजे डिशच्या तोंडाशी बसून सिग्नल पकडणारा डबा. नवा घातला. मग म्हणाला, ग्राहकांचे बॉक्स गरम होत असतील. इथं मी तोल सोडला. बिल भरणार नाही, सेवा परत करतो, ग्राहक मंचात जातो, सगळं बोललो. ज्यांना एक घड्याळ लावता येत नाही ते माझी डिश काय बघणार, हेही बोललो.

अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी सकाळी गुरुजी स्वतः दुकानात आले, हातात वहीचं पान. गुरुजी संसद टीव्ही बघतात. माझ्या सगळ्या ग्राहकांत तो चॅनल बघणारे बहुधा ते एकटेच. पानावर नऊ नोंदी होत्या, चॅनल लावल्याची वेळ आणि गोठल्याची वेळ. नऊच्या नऊ वेळा चार मिनिटं वीस सेकंद.

डिश हलली तर ती घड्याळ बघून हलत नाही. मी तो आकडा, २६० सेकंद, इंजिनिअरला कळवला आणि पलीकडं शांतता पसरली. मग त्यानं विचारलं, "स्विच कौन सा है?"

झालं असं. बॉक्स चॅनल मागतो तेव्हा स्विच हजेरीपटात नाव लिहितो. मग दर १२५ सेकंदांनी कुणीतरी हजेरी घ्यायची असते, "हा चॅनल अजून कुणी बघतंय का?" त्याला क्वेरिअर म्हणतात. जळालेल्या स्विचमध्ये तो चालू होता. मी आणलेल्यात बंद. हजेरी घेणाराच नाही, मग बॉक्स कशाला बोलेल? दोन फेऱ्या आणि वर दहा सेकंद वाट बघून स्विच नाव खोडतो आणि प्रवाह तोडतो. मालिकांचे चॅनल का टिकायचे? कारण कुणी ना कुणी दर मिनिटाला तो चॅनल नव्यानं लावायचं आणि नाव ताजं राहायचं. संसद टीव्हीवर गुरुजी एकटे. सेटिंगमध्ये एक खूण केली, विषय संपला. कंपनीला मी स्विच बदलल्याचं सांगितलंच नव्हतं. म्हणजे त्या अकरा दिवसांतले निदान नऊ माझ्या नावावर. बिल भरलं, दंडासकट.

या सेवेबद्दल माझं मत तिथून थोडं वळलं आणि डिसेंबरमध्ये आणखी वळलं. दुकानासमोरच्या इमारतीवर फाइव्ह-जीचा टॉवर लागला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या चॅनलवर चौकडे. मीटरवर सिग्नल भरपूर, क्वालिटी शून्य. पूर्वीचा मी असतो तर परत गच्चीवर बोल्ट आवळत बसलो असतो. या वेळी त्याच इंजिनिअरनं दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, टॉवर. आपल्याकडं फाइव्ह-जीला ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा दिलाय, आपले चॅनल ३.७ च्या पुढं, आणि साधा एलएनबी ३.४ पासूनच कान उघडे ठेवून बसतो. शेजारी एवढ्या जोरात ओरडणारा आला की त्याला उपग्रहाचा बारीक आवाज ऐकू येईना. त्यांनी एलएनबीच्या तोंडाशी बसणारा धातूचा फिल्टर कुरिअरनं पाठवला, फुकट. तीन दिवसांत आला. बसवला आणि चित्र स्वच्छ. मी आभाराचा मेसेज टाकला, खाली घड्याळाच्या तक्रारीचा क्रमांक.

जे घेणार असतील त्यांना थोडं सांगतो. डिशला जाड पाइप आणि पक्का काँक्रीटचा ओटा करा, आमच्याकडं उन्हाळ्यातलं वावटळ वाईट असतं. कंट्रोल रूमच्या इन्व्हर्टरवर ओएलटी पण घ्या; लाइट गेल्यावर ग्राहकाच्या घरातला टीव्ही त्याच्या इन्व्हर्टरवर चालू असतो आणि तुमची वायर मेलेली. चॅनल बदलायला दोन-अडीच सेकंद लागतात, जुन्या केबलची सवय असलेले कुरकुरतात, नंतर विसरतात. आणि स्विच जुना घेऊ नका. घेतलाच तर कंपनीला सांगा.

जानेवारीच्या शेवटी बॉक्सचं नवं सॉफ्टवेअर आलं. आता बॉक्स प्रवाहातली वेळ वाचतच नाही, सर्व्हरवरून थेट घेतो. सकाळी साडेआठला साडेआठ. मी पेढे आणले, खरंच आणले, आणि पहिला गुरुजींच्या हातावर ठेवला.

परवा त्यांचा फोन. बातम्यांच्या चॅनलवर कोपऱ्यात वेळ येते ना, त्यातलं मिनिट बॉक्सच्या घड्याळानंतर नऊ सेकंदांनी बदलतं. मी समजावलं की चॅनलवाल्यांपासून कंपनीपर्यंत एकदा उपग्रह, कंपनीपासून आपल्यापर्यंत दुसऱ्यांदा, जाऊन-येऊन प्रत्येक फेरीला पाव सेकंद. बाकी वेळ चित्र बारीक करण्यात आणि साठवून सोडण्यात जातो. बॉक्सचं घड्याळ बरोबर आहे, चॅनलच उशिरा पोचतोय.

"म्हणजे बातमी शिळी," गुरुजी म्हणाले. "लिही वहीत. नऊ सेकंद."