द डे ऑफ द जॅकल (१९७३): शेवट ठाऊक असूनही श्वास रोखायला लावणारा

फ्रान्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालेल्या ‘जॅकल’ या भाडोत्री मारेकऱ्याची ही गोष्ट. द गॉल १९७० मध्ये घरीच वारले, म्हणजे कट फसणार हे पहिल्या मिनिटापासून माहीत. तरी दिग्दर्शक फ्रेड झिनेमन सुमारे सव्वादोन तास हलू देत नाही, कारण प्रश्न ‘मरतील का’ नसून ‘हा कसा पोचेल’ हा आहे. खोटा पासपोर्ट, कुबडीच्या नळ्यांत मावणारी रायफल. कलिंगडाचा प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा: झाडाला टांगलेलं फळ, एक गोळी, दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवणं, पुन्हा गोळी, शेवटी स्फोटक गोळी आणि चिंधड्या. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, म्हणून पावलंही ऐकू येतात. फ्रेंच पोलीस अस्खलित इंग्रजी बोलतात, ते मात्र खटकतं. मायकेल लॉन्सडेलचा थकलेला, चिवट पोलीस अधिकारी लबेल अप्रतिम!